लळा : सेवाग्रामपासून सिंधुताईंपर्यंत

मराठीत ‘लळा’ हा शब्द दोन क्रियापदांनिशी येतो. आई लळा लावते आणि लेकराला लळा लागतो. एकाच्या लावण्याने दुसऱ्याला लागणारी ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी नेमकी हेरली होती. घरातील आजी, आत्या, मोठी बहीण यांनाही हा अनुभव परिचयाचा होता. तान्हे मूल ज्याच्या अंगाखांद्यावर वाढले त्याच्याकडेच ते भय वाटताच धाव घेते, हे सांगण्यासाठी कुणाला पुस्तक उघडावे लागले नाही.

तथापि या गोष्टीचा इतिहास लिहावा असे फारसे कुणाच्या मनात आले नाही. इतिहासाने राजे, लढाया आणि सनदा यांची नोंद ठेवली. अनाथालयांच्या व रुग्णालयांच्या वह्यांत दूध किती, कपडे किती आणि ताप किती एवढेच लिहिले गेले. बालक आपले माणूस कसे ओळखते, ते माणूस दूर गेले तर बालकाचे काय होते आणि त्याची छाया पुढील आयुष्यावर किती लांबवर पडते, हे प्रश्न शास्त्राने गंभीरपणे विचारले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. त्याच काळात आपल्या महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्यात हेच प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे येत होते. एकदा एका शिक्षणयोजनेच्या रूपाने आणि एकदा एका निराधार स्त्रीच्या आयुष्याच्या रूपाने. या दोन कहाण्या आणि जगातील संशोधन शेजारी शेजारी ठेवून पाहावे, असा आमचा येथे मानस आहे.

१९३० साली दांडीयात्रेस निघताना, स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीस परतणार नाही असा निश्चय गांधीजींनी केला होता. १९३४ साली ते वर्ध्यास आले आणि १९३६ च्या एप्रिलअखेरीस जवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. हेच शेगाव १९४० पासून सेवाग्राम या नावाने ओळखले जाऊ लागले. दरम्यान २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ‘नई तालीम’ची योजना आखली. सिलोनमधील तमिळ ख्रिस्ती घराण्यातून आलेले आर्यनायकम् आणि त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी हिंदुस्थानी तालीमी संघाच्या द्वारे ती सेवाग्रामात रुजविली. ही योजना प्रारंभी सात ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठीच होती. हाताला काम, कामातून ज्ञान, असे तिचे सूत्र होते. सात वर्षांखालील बालक या आराखड्याच्या बाहेर राहिले होते.

१९४२ ते १९४४ या काळात गांधीजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात बंदिवासात होते. तेथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. सुटकेनंतर गांधीजींनी नई तालीमची व्याप्ती वाढविण्याचा विचार मांडला आणि १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामात भरलेल्या परिषदेने तो स्वीकारला. शिक्षण सातव्या वर्षी सुरू होत नाही; त्याचा आरंभ आईच्या उदरातच होतो आणि म्हणून बालकाच्या शिक्षणाची पहिली पायरी म्हणजे आईवडिलांचे शिक्षण, अशी ती दृष्टी होती. सात वर्षांखालील मुलांसाठी ‘पूर्व-बुनियादी’ शिक्षणाची कल्पना यातूनच आकारास आली आणि शांताबाई नारुलकर यांनी सेवाग्रामात तिचा प्रत्यक्ष प्रयोग केला. या योजनेची भाषा आरोग्याची, स्वच्छतेची आणि श्रमाची होती, लळ्याची नव्हती. परंतु बालकाकडे जाणारी वाट त्याच्या आईवरून आणि घरावरून जाते, हे तिने मान्य केले होते. त्या काळच्या शासकीय शिक्षणखात्याच्या कागदांत आईला अशी जागा क्वचितच मिळाली असेल.

त्याच १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी बालशिक्षण खेड्यात नेले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून त्यांची ‘अंगणवाडी’ उभी राहिली. पुढे १९५७ मध्ये ताराबाई व अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर आल्या, तेव्हा आदिवासी पाड्यांतील एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आईबाप मजुरीला जात. मागे आठ-दहा वर्षांची मुलगी तान्ह्या भावंडाला कडेवर घेऊन बसे आणि म्हणून ती शाळेत येऊ शकत नसे. यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली. हीच त्यांची ‘विकासवाडी’. यामुळे मोठीची शाळा बुडाली नाही आणि धाकट्याचे ओळखीचे माणूसही त्याच्या नजरेआड झाले नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

आता जरा दूर पाहू. १९४५ हेच वर्ष पाश्चात्त्य बालमानसशास्त्राच्या इतिहासातही महत्त्वाचे ठरले. रेने स्पिट्झ या वैद्यांनी दोन संस्थांतील तान्ह्या मुलांची तुलना त्या वर्षी प्रसिद्ध केली. एक होते अनाथ अर्भकालय. तेथे स्वच्छता उत्तम, आहार पुरेसा, डॉक्टरांची देखरेख नियमित. परंतु एकेका परिचारिकेकडे अनेक बाळे, त्यामुळे त्यांना उचलून घेण्यास, त्यांच्याशी बोलण्यास सवडच नसे. दुसरे होते स्त्रियांच्या तुरुंगाला जोडलेले पाळणाघर. तेथे कैदी माता आपापल्या बाळांना स्वतः सांभाळीत. तुरुंगातील बाळे वाढली, रांगली, बोलू लागली. अर्भकालयातील बाळे मात्र कोमेजत गेली आणि दोन वर्षांत त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक दगावली. दूध, औषध आणि स्वच्छ चादर यांनीच मूल वाढत असते तर असे घडले नसते.

युद्धकाळातील लंडनमध्येही हाच धडा मिळाला. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड भागात निर्वासित मुलांसाठी शिशुगृहे चालविली होती. सर्व मुलांना सर्व सेविकांनी सांभाळावे, ही रीत सोडून त्यांनी मुलांचे लहान लहान गट केले आणि प्रत्येक गटाला एक ‘आई’ नेमून दिली. प्रारंभी मुलांत हेवा, रडारड आणि ओढाताण वाढली. कारण आता गमावण्याजोगे कुणीतरी आपले होते. पुढे हळूहळू मुले स्थिरावली आणि अधिक मोकळी झाली.

या साऱ्या अनुभवांना शास्त्राची बैठक दिली ती जॉन बोल्बी यांनी. इंग्लंडच्या सधन घरात जन्मलेल्या बोल्बींना लहानपणी दाईनेच वाढविले होते; आईची भेट दिवसाकाठी तासाभराची. त्यांची लाडकी दाई ते सुमारे चार वर्षांचे असताना घर सोडून गेली. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात बोल्बींनी म्हटले की, बालकाला आई किंवा आईची जागा कायमपणे घेणारी एक व्यक्ती यांच्याशी उबदार, जवळचा आणि अखंड संबंध मिळाला पाहिजे. यांतील ‘आईची जागा घेणारी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बोल्बींचा आग्रह स्थिर माणसाचा होता. ते माणूस रक्ताचेच हवे असा नव्हता. या संबंधाला पुढे शास्त्रीय परिभाषेत नाव मिळाले. मराठीत त्याला ‘अनुबंध’ म्हणतात. आमच्या मते ‘लळा’ हा त्याचा जुना आणि नेमका पर्याय आहे.

बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये एक चित्रफीत दाखविली. दोन वर्षांची एक मुलगी लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते. त्या काळच्या नियमांप्रमाणे आईवडिलांना भेटीसाठी थोडाच वेळ मिळतो. मुलगी फारशी रडत नाही, शहाण्यासारखी वागते आणि हळूहळू आईकडूनही तोंड फिरवू लागते. हे शहाणपण म्हणजे दुःख गिळणे होते. प्रारंभी अनेक डॉक्टर रागावले. परंतु १९५९ साली इंग्लंडमधील शासकीय समितीने रुग्णालयांची दारे आयांसाठी उघडण्याची शिफारस केली. आपल्याकडे सरकारी इस्पितळात खाटेशेजारी चटई टाकून झोपणारी आई किंवा आजी आपण नेहमी पाहतो. तिथे परिचारिका अपुऱ्या असतात, म्हणून ती असते. परंतु बाळाच्या दृष्टीने तिचे असणे औषधाइतकेच मोलाचे आहे, हे या संशोधनाने दाखवून दिले.

मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांतील घरी जाऊन मायलेकरांचे निरीक्षण केले आणि पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे २६ कुटुंबांचा पहिल्या वर्षभर अभ्यास केला. वर्षाच्या बाळाला अनोळखी खोलीत आणून आई काही क्षण बाहेर जाते आणि परतते, अशी परीक्षाही त्यांनी योजिली. आई गेल्यावर बाळ किती रडले, यापेक्षा ती परतल्यावर बाळाने काय केले, हे पाहणे त्यांना महत्त्वाचे वाटले. ज्याचा लळा सुरक्षित असतो ते आईकडे झेपावते, शांत होते आणि पुन्हा खेळू लागते. ज्याच्या हाकेला नेहमी प्रतिसाद मिळाला नाही ते आईकडे पाठ फिरवते, किंवा तिला बिलगूनही शांत होत नाही. आपल्याकडे ‘रडले की लगेच उचलू नका, हाताची सवय लागेल’ असा सल्ला हमखास ऐकू येतो. एन्सवर्थ यांच्या निरीक्षणात उलट दिसले. पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला तत्परतेने प्रतिसाद मिळाला, ती बाळे वर्षाअखेर कमी रडत होती. हाकेला ओ मिळते याची खात्री पटलेल्या बाळाला टाहो फोडावा लागत नाही.

या प्रकाशात आता पुन्हा वर्धा जिल्ह्याकडे वळू. सेवाग्रामच्याच जिल्ह्यातील पिंपरी मेघे या गावी १४ नोव्हेंबर १९४८ रोजी एका गुराख्याच्या घरी मुलगी जन्मली. नकोशी म्हणून तिचे नाव ‘चिंधी’ पडले. या चिंधीच्याच पुढे सिंधुताई सपकाळ झाल्या. वडील अभिमान साठे यांना मात्र तिने शिकावे असे वाटे. म्हशी चारण्याच्या निमित्ताने ते तिला घराबाहेर काढीत आणि शाळेत धाडीत. चौथीपर्यंतचे शिक्षण तिला मिळाले ते असे. बालपणीच तिचे लग्न झाले. पुढे गरोदर अवस्थेत पतीने घराबाहेर काढले, गोठ्यात मुलगी झाली आणि माहेरनेही आसरा दिला नाही, ही कहाणी त्यांनी स्वतः शेकडो व्यासपीठांवरून सांगितली आहे. तान्ह्या मुलीला घेऊन रेल्वेच्या फलाटांवर गाणी म्हणत भीक मागताना त्यांना आपल्यासारखीच टाकलेली मुले दिसली. त्यांनी ती जवळ घेतली आणि येथूनच ‘माई’ जन्मास आली.

यानंतर त्यांनी जे केले ते समजण्यास कठीण आहे. त्यांनी आपली पोटची मुलगी ममता पुण्याच्या श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती संस्थानाच्या स्वाधीन केली. आपली मुलगी जवळ असेल तर घास तिच्याकडे आधी जाईल आणि इतर लेकरांच्या मनात दुजाभावाची सल राहील, अशी भीती त्यांना वाटली. या निर्णयाला त्याग म्हणून वंदन करणे सोपे आहे आणि घरी बसून त्यास क्रौर्य म्हणणेही सोपे आहे. आम्ही दोन्ही टाळू इच्छितो. बोल्बींची कसोटी लावली तर या निर्णयाची किंमत एका लहान मुलीने मोजली, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याच कसोटीने हेही दिसते की, माईंना मुलांच्या मनाचे मर्म कळले होते. अन्न सारखे वाटता येते; ‘मी हिचाच’ ही भावना सारखी वाटणे महाकठीण, हे त्या शाळा-कॉलेजाविना जाणून होत्या. पुढे ममताताई आईच्याच कामात उतरल्या, ही गोष्टही त्या कहाणीचाच भाग आहे.

चिखलदरा, हडपसर, सासवड आणि वर्धा येथे माईंच्या संस्था उभ्या राहिल्या. वर्ध्यातील बालगृहाच्या नावात वडिलांचे ‘अभिमान’ हे नाव आहे. हजाराहून अधिक मुलांना त्यांनी सांभाळले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. एक बाई हजारांची आई कशी होईल, हा प्रश्न रास्त आहे. पाळ्यांनी येणारे-जाणारे कर्मचारी आणि मोठमोठे शयनकक्ष यांत लळा लागत नाही, असे संशोधन सांगते. माईंच्या घरांचे बळ दोन गोष्टींत होते. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून तेथे लेकराला निरोप मिळत नसे; आणि मोठी झालेली मुले धाकट्यांना सांभाळण्यास मागे राहात किंवा परत येत. दार उघडे आहे ही खात्री त्या मुलांना मिळाली. बाल्टिमोरच्या खोलीत परतणाऱ्या आईकडे पाहून बाळाला मिळते ती खात्रीही याच जातीची आहे.

लहानपणीचा लळा पुढील आयुष्यास कितपत घडवितो? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या मध्यापासून गरीब घरांतील मुलांचा जन्मापासून प्रौढपणापर्यंत मागोवा घेतला. ज्यांचा लळा सुरक्षित होता, ती मुले बालवाडीत अधिक स्वावलंबी आणि सवंगड्यांत अधिक मिळून-मिसळून वागणारी आढळली. कडेवर फार वाढलेले मूल परावलंबी होईल ही भीती येथेही खोटी ठरली. रुमानियात १९८९ अखेर हुकूमशाही कोसळली, तेव्हा एक लाखाहून अधिक मुले सरकारी बालगृहांत कोंडलेली आढळली. पुढे २००० नंतर बुखारेस्टमध्ये अशा १३६ बालकांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकून त्यांतील निम्म्यांना पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेली मुले बुद्धीने, बोलण्याने आणि भावनेने सावरली. आणि जी दोन वर्षे पूर्ण होण्याआधी गेली, ती सर्वाधिक सावरली.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढू नये की बालपणी चुकलेले पुढे सुधारतच नाही. मिनेसोटातील अभ्यासातही असे दिसले की पुढे भेटलेले एखादे विश्वासाचे माणूस आयुष्याची दिशा बदलू शकते. जिला चिंधी म्हटले गेले त्या मुलीला घरात एक माणूस होते, जे तिला म्हशींच्या आडून शाळेत पाठवी. तेवढे एक माणूसही थोडे नसते, असे आम्हांस वाटते.

आज वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न नव्या रूपाने उभा आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कर्जाचा आकडा सर्वांना दिसतो; मागे राहिलेल्या आईच्या मनाचा भार आणि त्या भाराखाली तिच्या हाकेची वाट पाहणारे लेकरू कुणाला दिसत नाही. जी आई स्वतः दुःखात बुडाली आहे तिला ‘मुलाला वेळ दे’ असा उपदेश करण्यापेक्षा तिचे ओझे हलके करणे, हाच बालसंगोपनाचा खरा मार्ग आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालगृह हा शेवटचा उपाय मानला आहे. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना मुलाला संस्थेत न धाडता आईकडे, आजीकडे किंवा अन्य कुटुंबात वाढविण्यासाठी साहाय्य देते. २०२३ मध्ये ते दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. सेवाग्राममधील १९६९ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ व अंगणवाडी विभाग यांच्या सोबतीने ‘आरंभ’ हा कार्यक्रम उभा केला. अंगणवाडी सेविका त्यातून आईवडिलांना बाळाशी बोलणे, खेळणे आणि त्याच्या खुणांना प्रतिसाद देणे शिकवितात. १९४५ साली सेवाग्रामने आईवडिलांच्या शिक्षणाचा जो विचार मांडला, त्याला सुमारे सात दशकांनी असा नवा अर्थ आला.

वाचकहो, आपल्या घरांतही आज आईवडील दोघे नोकरीस जातात, मुले पाळणाघरात किंवा आजीआजोबांपाशी वाढतात, काही दूरच्या वसतिगृहांत राहतात. वरील इतिहासात आईने चोवीस तास घरी बसावे असे कोठेही सांगितलेले नाही. सांभाळणारी माणसे थोडी आणि ओळखीची असावीत, ती वारंवार बदलू नयेत, त्यांनी बाळाच्या हाकेला ओ द्यावी आणि जाताना न सांगता चोरून निघू नये. बाळाने रडून का होईना, परंतु निरोप घ्यावा आणि माणूस परत येते हे अनुभवावे, एवढेच तो सांगतो. आणि शेजारच्या घरी एखादी आई एकटी पडली असेल, तर तासभर तिचे मूल आपल्या ओटीवर खेळवावे. त्या तासात तिला विश्रांती मिळेल आणि लेकराला आणखी एक ओळखीचे माणूस मिळेल.